प्रवाळ रुसले की बाटली शोधू नका

पोवळे आपल्याला माहीत असते ते अंगठीतले. कुणाला मंगळासाठी सांगितलेले, कुणाच्या आजीच्या माळेतले. वैद्यांकडे जाणाऱ्यांना प्रवाळभस्म ठाऊक असते. दोन्हीकडे ते निर्जीव असते. त्यामुळे प्रवाळ हा प्राणी आहे, तो खातो, वाढतो, आजारी पडतो आणि शेजाऱ्याशी भांडतोही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटते. अंगठीतले लाल पोवळे आणि समुद्रात खडक उभारणारे प्रवाळ हे तसे दूरचे नातलग. पण पुण्या-मुंबईतल्या काही घरांत आता हे दुसरे, जिवंत प्रवाळ खाऱ्या पाण्याच्या टाकीत दिसू लागले आहेत. छंदाबरोबर त्याची तक्रारही आली आहे. आणले तेव्हा छान फुललेले होते, आता मिटूनच असते. रंग उडाला. बुडाकडून पांढरे पडत चालले.

या तक्रारीवर सहसा एकच उत्तर मिळते: एक बाटली. आठवड्याने दुसरी. माझे म्हणणे असे की आजारी प्रवाळ बरे करण्याचा हा मार्ग उलटा आहे. प्रवाळाला बहुतेक वेळा औषध नको असते, स्थैर्य हवे असते. ते स्थैर्य आपल्याला देता येते का, हे टाकी घेण्याआधी पाहावे. देता येत नसेल तर टाकी घेऊच नये.

आधी हा प्राणी समजून घेऊ. प्रवाळाच्या एका फांदीवर शेकडो इवले जीव असतात. प्रत्येकाला एक तोंड आणि त्याभोवती स्पर्शिका. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल प्रकाशातून अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे यजमानाला देते. प्रवाळाची बहुतेक ऊर्जा या भाडेकरूकडूनच येते. रंगाचा मोठा भागही त्याचाच. पाणी फार तापले, प्रकाश अचानक वाढला किंवा पाण्याचा तोल गेला की हा करार मोडतो. शैवाल बाहेर पडते आणि पारदर्शक कातडीतून खालचा चुनखडीचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मेलेले नसते, उपाशी असते. परिस्थिती लवकर निवळली तर शैवाल परत येते. कातडीच गळून सांगाडा उघडा पडला, तर तो भाग गेला असे समजावे.

इथेच पहिली गल्लत होते. मिटणे, फिकटणे, तपकिरी होणे ही लक्षणे आहेत, रोग नव्हेत. ताप आला म्हणजे मलेरियाही असेल आणि साधी सर्दीही. तसेच मिटलेल्या प्रवाळामागे तापलेले पाणी असेल, वाढलेला खारेपणा असेल, नवा दिवा असेल, किंवा रात्री येऊन कुरतडणारी एखादी गोगलगाय असेल. लक्षण पाहून बाटली निवडणे म्हणजे रोग्याची नाडीही न पाहता सुई टोचणे.

स्थैर्य म्हणजे नेमके काय, हे समजायला टाकी समुद्रापासून लांब नेऊन पाहू. समजा, मार्गासनीत कुणी प्रवाळाची टाकी मांडली. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणारे, राजगडाच्या पायथ्याकडे वाट फुटते ते हे गाव. भाताची खाचरे, पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि कोकणचा किनारा सह्याद्रीपलीकडे. इथे समुद्र आणायचा तर तो पुडीतल्या मिठातून आणि स्थानिक पाण्यातूनच बनवावा लागणार.

पहिला प्रश्न त्या पाण्याचाच. आपला प्रदेश काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. या कातळातून झिरपलेल्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असते, तशी विरघळलेली सिलिकाही असते. माणसाला त्याचा काही त्रास नाही. टाकीत मात्र सिलिकावर डायॅटम नावाचे शैवाल पोसते आणि वाळूवर, काचेवर, प्रवाळावर तपकिरी साय धरते. शेतीभागातल्या उथळ विहिरीत खतांचे नायट्रेट असू शकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पंपाच्या आणि नळजोडणीच्या पितळेतून तांब्याचा अंश उतरतो. माणूस तांब्याच्या भांड्यातले पाणी कौतुकाने पितो. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते.

म्हणून लोक स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी वापरतात. त्यातही एक मेख आहे. घरगुती आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. चव राहावी म्हणून त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची किंवा क्षार घालण्याची सोय असते. टाकीसाठी आरओनंतर आयन काढून टाकणारी आणखी एक नळी लागते, आणि टीडीएस मीटरवर आकडा शून्य यावा लागतो. दोन-तीनशे रुपयांचे हे मीटर कितीतरी बाटल्यांपेक्षा उपयोगी आहे.

दुसरा प्रश्न हवेचा. बहुतेक प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. एप्रिल-मे महिन्यांत पुणे जिल्ह्यात पारा ३८-४० च्या घरात जातो आणि बंद घरातली टाकी ३० च्या वर चढते. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पण उडून जाते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते. २०० लिटरच्या टाकीतून १० लिटर पाणी उडाले आणि भरले नाही, तर खारेपणा हजारी ३५ वरून जवळपास ३७ वर जातो. ही भरपाई गोड्या शुद्ध पाण्याने करायची असते. मिठाचे पाणी ओतले तर खारेपणा आणखी वाढतो. पावसाळ्यात गणित बदलते. हवा दमट असली की पाणी उडत नाही आणि पंखा गार करत नाही. उन्हाळ्यात बसलेली घडी जुलैत मोडते ती अशी.

तिसरा प्रश्न विजेचा. सह्याद्रीच्या कुशीत पावसाळ्यात वीज जाणे नवीन नाही. पाणी हलायचे थांबले की काही तासांत टाकीतला प्राणवायू खाली येतो आणि मासे, प्रवाळ गुदमरतात. इन्व्हर्टरवर दिवे ठेवून पंप बंद ठेवणारेही आढळतात. खरे तर उलटे हवे. दिव्याविना प्रवाळ दोन दिवस सहज काढते, हलत्या पाण्याविना रात्रही अवघड.

या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर औषधाच्या बाटलीत नाही. मार्गासनीत हे डोळ्यांत भरते इतकेच. कोथरूडच्या सदनिकेतही गोष्ट तीच आहे.

मग प्रवाळ रुसल्यावर करायचे काय? क्रमाने तपासायचे. आधी तापमान, तेही सकाळी आणि दुपारी अशा दोन वेळा, कारण दुखणे बहुधा चढउतारात असते. मग खारेपणा. तो काट्याच्या स्वस्त साधनापेक्षा रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावा आणि ते यंत्र हजारी ३५ च्या प्रमाण द्रावणाने आधी जुळवून घ्यावे. चुकीच्या यंत्रावर विसंबून महिनोन्‌महिने चुकीचे पाणी बनत राहते. मग अमोनिया, तो शून्यच हवा. नव्या टाकीत जीवाणूंची वसाहत बसायला काही आठवडे लागतात. तोवर प्रवाळ आणणे म्हणजे प्लॅस्टर ओले असताना घरात राहायला जाणे.

त्यानंतर अल्कॅलिनिटी, म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा. प्रवाळ सांगाडा यातूनच बांधते. नैसर्गिक समुद्रात ती सुमारे ७ जर्मन अंश असते. टाकीत ७ ते ९ पुरते. आकडा साडेसात आहे की साडेआठ याला फार महत्त्व नाही. तो काल साडेसात आणि आज दहा झाला, तर प्रवाळाच्या टोकांची कातडी जळते. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त बदल होऊ देऊ नये. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असावे. मॅग्नेशियम कमी असेल तर घातलेले कॅल्शियम पाण्यात न टिकता पांढऱ्या थरासारखे हीटरवर, पंपावर बसते आणि मालक म्हणतो, कितीही घातले तरी वाढतच नाही.

शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट. हे दोन्ही शून्यावर आणण्याचा ध्यास अनेकांना लागतो. जास्त झाले तर शेवाळ माजते हे खरे. पण अगदी शून्य झाले तर प्रवाळातले शैवालच उपाशी पडते आणि प्रवाळ फिकटते. ते पाहून मालकाला वाटते पाणी घाण झाले, आणि तो आणखी गाळतो. स्वच्छता आणि आरोग्य या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, याचा इतका सरळ पुरावा क्वचित मिळेल.

एवढे सगळे ठीक निघाले तर पाण्याबाहेर पाहावे. नवा एलईडी दिवा पूर्ण जोराने लावला का? तो थोड्या जोरावर सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवायचा असतो. पंपाचा झोत थेट अंगावर येतो का? शेजारी कोण आहे? काही प्रवाळ रात्री लांब नांग्या सोडून शेजाऱ्याला भाजतात. काही मऊ प्रवाळ पाण्यात विषारी रसायने सोडतात. पहिल्यांना अंतर हवे, दुसऱ्यांवर सक्रिय कोळसा उपयोगी पडतो. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन पाहिले तर कुरतडणारा चोरही सापडतो. खोलीकडेही पाहावे. दारे-खिडक्या बंद करून एसीत चार माणसे झोपली, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. यावर पीएच वाढवणारी बाटली मिळते. ती अल्कॅलिनिटी चढवून ठेवते आणि पीएच पुन्हा पडतो. खिडकी उघडली तर हे फुकटात सुटते.

हे सगळे एका वहीत तारखेनिशी लिहावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाणी, दिवा आणि खाद्य एकाच रविवारी बदलले तर प्रवाळ सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, आणि मेले तरी कळत नाही. आठवड्याला टाकीतले दहा टक्के पाणी बदलणे आणि हात बांधून वाट पाहणे, हा उपाय कंटाळवाणा आहे. म्हणूनच तो विकला जात नाही.

यावर जाणकार छांदिष्ट म्हणतील, सगळ्याच बाटल्यांना झोडपू नका. त्यांचे बरोबर आहे. वाढणारे पाषाण-प्रवाळ रोज कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी खर्च करते. ती भरून द्यावीच लागते. पण ती मोजून दिलेली शिधा झाली. न मोजता, भीतीपोटी ओतलेली बाटली वेगळी. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचे तांबेयुक्त औषध प्रवाळाच्या टाकीत घातल्याने अख्खी टाकी बसते. ते औषध चांगलेच आहे, पण माशाला वेगळ्या टाकीत ठेवून द्यायचे.

आता घरातल्या माणसांविषयी, कारण आरोग्याच्या स्तंभात हे सांगितलेच पाहिजे. टाकीत हौसेने ठेवल्या जाणाऱ्या, बटणांच्या गुच्छासारख्या दिसणाऱ्या पॅलिथोआ गटातल्या जीवांत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असू शकते. १९७१ साली हवाईतल्या संशोधकांनी ते वेगळे केले. ज्ञात नैसर्गिक विषांत ते अतिशय जहाल गणले जाते. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात टाकीतला दगड घासताना किंवा गरम पाण्याने धुताना त्याची वाफ, तुषार श्वासात जाऊन घरातली सगळी माणसे रुग्णालयात गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. तोंडाला धातूची चव, थंडी-ताप, खोकला, धाप, स्नायूदुखी ही त्याची लक्षणे. डोळ्यात उडाले तर बुबुळाला इजा होते. यावर उतारा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. म्हणून नियम एकच: टाकीतला दगड कधीही उकळू नये, ब्रशने घासू नये. हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवा. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

दुसरे दुखणे सावकाश येते. बोटावर जखम असताना टाकीत हात घातला आणि काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी, न बरी होणारी गाठ आली, तर ते क्षयाच्या जंतूंच्या एका भाऊबंदाचे काम असू शकते. मायकोबॅक्टेरियम मरिनम हे त्याचे नाव. तो शरीराच्या तापमानापेक्षा थंड जागी, ३० अंशांच्या आसपास वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही तर नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. उपचार काही महिने चालतो. डॉक्टरांना एक वाक्य सांगावे: माझ्या घरी माशांची टाकी आहे. त्या वाक्याने निदान कितीतरी आधी होऊ शकते.

आणि कायदा. भारतात २००१ पासून सर्व पाषाण-प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते तिथेच आहेत. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडाही यातून सुटत नाही. ‘परदेशी आहे, चालते’ हे काउंटरवरचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही, कारण पाषाण-प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण आहे. ज्याचा कागद दाखवला जात नाही, ते घरी आणू नये.

हा कायदा जाचक वाटत असेल तर मुंबईचे उदाहरण पाहा. किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली इथल्या खडकांवर प्रवाळाच्या १८ छोट्या वसाहती आढळल्या. त्या हलवण्यासाठी महानगरपालिकेलाही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली काही वसाहती कुलाब्याच्या नेव्हीनगरजवळ नेण्यात आल्या. तळहाताएवढ्या जिवांसाठी एवढा खटाटोप, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण नवी जागा निवडताना पाहावे लागते ते हेच: पाणी, गाळ, प्रकाश, लाटा जुन्या जागेसारख्या आहेत का. आपण मात्र समुद्रातून आलेला जीव पिशवीत घेतो, तासाभरात टाकीत सोडतो आणि तो रुसला म्हणून रागावतो.

समुद्रातल्या प्रवाळांचेही दुखणे याहून वेगळे नाही. तिथेही स्थैर्यच बिघडले आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी विरंजन सुरू होते. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा झाली आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. आपल्या मालवणच्या समुद्रात, १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात, आजही प्रवाळ आहेत. त्यांना चिलर लावता येत नाही, आणि त्यांच्यासाठी कुठल्याही दुकानात बाटली मिळत नाही.

ज्यांच्याकडे टाकी आधीच आहे आणि कागदपत्रे नीट आहेत, त्यांनी या रविवारी काहीही विकत घेण्याआधी तीन आकडे वहीत लिहावेत: तापमान, खारेपणा, अल्कॅलिनिटी. आठवडाभर रोज लिहावेत. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी टाकी जाणकाराकडे सोपवावी. प्रवाळ समुद्रात किंवा नदीत मात्र सोडू नयेत. आणि ज्यांनी अजून घेतलेली नाही, त्यांना गोड्या पाण्याची छोटी टाकी, चार गप्पी आणि थोडी वनस्पती यांतही तोच धडा शिकता येतो, कमी खर्चात आणि कमी जीव घेऊन. प्रवाळ पाहायचे तर मालवणला जावे. स्थानिक नावाड्याबरोबर जावे, पाण्यात हात मागे ठेवावेत आणि तिथून काहीही उचलून आणू नये.